तिघांना जुळलेली, चौथ्याला न जुळलेली खाकी: शेड मॅचिंगमधील एक प्रकरण

संबंधित कारखाना, ग्राहक आणि कर्मचारी यांची ओळख पटेल असे सर्व तपशील वगळले आहेत. मोजमापे प्रकरण समजण्यापुरती, ढोबळ करून दिली आहेत.

पार्श्वभूमी

सुती कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याकडे गणवेशाच्या खाकी कापडाची मागणी आली. ग्राहकाने स्टँडर्ड, म्हणजे ज्याच्याशी शेड जुळवायची तो मूळ नमुना, म्हणून तळहाताएवढा कापडाचा तुकडा पाठवला. तो कोणत्या वर्गाच्या डायने रंगवला आहे हे कळवले नव्हते आणि कारखान्यानेही विचारले नाही. प्रयोगशाळेने नेहमीच्या रिॲक्टिव्ह (सुताशी रासायनिक बंधाने जोडल्या जाणाऱ्या) डायपैकी पिवळा, लाल आणि नेव्ही निळा या त्रिकुटावर रेसिपी बसवली. तिसऱ्या लॅब डिपला, म्हणजे प्रयोगशाळेत रंगवलेल्या छोट्या नमुन्याला, स्पेक्ट्रोफोटोमीटरने (परावर्तित प्रकाश तरंगलांबीनुसार मोजणारे यंत्र) डी ६५, म्हणजे दिवसाच्या उजेडाचा प्रमाण वर्णपट, या प्रकाशासाठी सीएमसी २:१ या रंगफरकाच्या सूत्राने स्टँडर्डपासून ०.४ फरक दाखवला. मान्य मर्यादा १.० होती. शेड पाहणाऱ्या दोन अनुभवी व्यक्ती आणि प्रयोगशाळा प्रमुख यांनी लाइट बॉक्समध्ये (ठरावीक दिव्यांखाली नमुने पाहण्याची पेटी) डिप पाहून पसंत केला.

चौथी व्यक्ती म्हणजे काही महिन्यांपूर्वी रुजू झालेला तंत्रज्ञ. त्याचे वजन करणे, पिपेटने डाय सोडणे, नोंदी ठेवणे हे सारे काम चोख होते. हा डिप मात्र त्याला स्पष्ट हिरवट वाटला आणि त्याने तसे सांगितले. तिघांविरुद्ध एक मत म्हणून ते नोंदवहीत न जाता तिथेच राहिले. या प्रकरणातला पहिला निर्णय इथेच झाला, तोही कोणी निर्णय घेतो आहे असे न वाटता.

समस्या

मोठ्या उत्पादनात प्रत्येकी ३०० किलोच्या दोन बॅच निघाल्या. पहिली बॅच लॅबच्या रेसिपीप्रमाणे रंगली आणि डी ६५ खाली मर्यादेत बसली. दुसरी रात्रपाळीत निघाली. त्या पाळीत शेड पाहण्याची जबाबदारी या तंत्रज्ञाकडे होती. यंत्रातून काढलेला नमुना वाळवून त्याने लाइट बॉक्समध्ये स्टँडर्डशेजारी धरला, त्याला हिरवट दिसला आणि त्याने लाल डायची ॲडिशन, म्हणजे वाढीव मात्रा, सांगितली: कापडाच्या वजनाच्या ०.०१५ टक्के, म्हणजे ३०० किलोंना ४५ ग्रॅम. स्पेक्ट्रोफोटोमीटर असलेली खोली रात्री बंद असे.

ग्राहकाकडून दोन तक्रारी एकाच पत्रात आल्या. एक, दोन बॅच दिवसाच्या उजेडात एकमेकींशी जुळत नाहीत, दुसरी लालसर आहे. दोन, पहिली बॅच दिवसाच्या उजेडात ठीक आहे, पण विक्रीच्या दालनातील नळीदिव्यांखाली ती स्टँडर्डपेक्षा हिरवट दिसते.

कारखान्यातली पहिली प्रतिक्रिया अशी होती की दुसऱ्या बॅचचा दोष तंत्रज्ञाच्या डोळ्यांचा आहे आणि पहिल्या बॅचबद्दल ग्राहक विनाकारण कुरकुर करतो आहे. यातले पहिले विधान अर्धे बरोबर होते, दुसरे साफ चूक. ग्राहकाला दालनात दिसलेला हिरवटपणा आणि तंत्रज्ञाला लाइट बॉक्समध्ये दिसलेला हिरवटपणा यांचे मूळ एकच होते. ते समजायला डोळ्यातल्या शंकूपेशींपर्यंत जावे लागते.

दोन वेगळे प्रकाश एकसारखे का दिसतात

दृष्टिपटलावर उजेडात काम करणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांच्यातील रंगद्रव्ये अनुक्रमे सुमारे ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतात. सोयीसाठी त्यांना लघु, मध्यम आणि दीर्घ म्हणू. त्यांना निळ्या, हिरव्या आणि लाल पेशी म्हणण्याची सवय दिशाभूल करणारी आहे, कारण दीर्घ पेशीचे शिखर पिवळसर हिरव्या भागात येते आणि मध्यम व दीर्घ यांचे आलेख बहुतांश एकमेकांवर पसरलेले असतात. दोन शिखरांतले अंतर जेमतेम ३० नॅनोमीटर.

एकटी शंकूपेशी रंग ओळखत नाही. तिच्यात शोषल्या गेलेल्या प्रत्येक फोटॉनचा परिणाम सारखाच असतो, मग तो फोटॉन ५०० नॅनोमीटरचा असो वा ६००चा. तरंगलांबीने फक्त शोषले जाण्याची शक्यता बदलते. पर्जन्यमापकात किती पाणी साचले ते कळते, कोणत्या ढगाचे ते कळत नाही, तसेच हे. विल्यम रश्टन यांनी १९७२ मध्ये या तत्त्वाची नेमकी मांडणी केली. रंगाची जाणीव तिन्ही प्रकारच्या पेशींच्या बेरजांची पुढे तुलना होऊन तयार होते: दीर्घ विरुद्ध मध्यम, आणि या दोघी मिळून विरुद्ध लघु.

कापडावरून येणाऱ्या प्रकाशाचे वर्णन करायला स्पेक्ट्रोफोटोमीटर ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये दर १० नॅनोमीटरला एक, असे ३१ आकडे देतो. डोळा त्या ३१ आकड्यांचे तीन करतो. साहजिकच ३१ आकड्यांचे अनेक वेगवेगळे संच त्याच तीन आकड्यांवर येऊन पडतात. अशा जोडीला मेटामेरिक जोडी म्हणतात. छपाई, पडदे, रंगकाम आणि शेड मॅचिंग यांचा सगळा व्यवहार या सवलतीवर उभा आहे. प्रकाश टिपणारे तीन प्रकारचे घटक डोळ्यात असावेत, ही कल्पना थॉमस यंग यांनी १८०२ मध्ये छापली. तीन प्रकाशांच्या मिश्रणाने इतर रंग जुळवण्याचे मोजमाप जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८५० च्या दशकात सुरू केले. १९३१ मध्ये सीआयई या प्रकाश आणि रंगमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने राइट आणि गिल्ड यांच्या प्रयोगांवरून ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला. तो २ अंशांच्या दृश्यकोनासाठी होता. १० अंशांचा निरीक्षक १९६४ मध्ये आला. कापडासारख्या मोठ्या पृष्ठभागासाठी उद्योगात तोच वापरतात, आणि या प्रकरणातील ०.४ हा आकडाही त्याच निरीक्षकासाठी होता.

म्हणजे ‘जुळले’ या शब्दाला दोन अटी चिकटलेल्या असतात: कोणत्या दिव्याखाली आणि कोणाच्या शंकूपेशींसाठी. दिवा बदलला की ३१ आकड्यांचे वजन बदलते. डोळा बदलला की ते कसे मोजले जातात ते बदलते. या मागणीत दोन्ही बदलले होते.

तपास: आधी कापड

तक्रार आल्यावर प्रयोगशाळा प्रमुखांनी फरकाच्या आकड्यापलीकडे जाऊन परावर्तनाचे पूर्ण आलेख काढले. ही गोष्ट पहिल्या दिवशी पाच मिनिटांत झाली असती. स्टँडर्ड आणि डिप दोन्ही चार घड्या घालून, म्हणजे मागचा पृष्ठभाग आरपार दिसणार नाही इतके जाड करून, चार दिशांना फिरवून मोजले आणि सरासरी घेतली. कापड यंत्रातून किंवा इस्त्रीखालून गरम आल्या आल्या मोजू नये. काही शेड उष्णतेने आणि दमटपणाने तात्पुरत्या बदलतात. म्हणून तुकडे २० अंश सेल्सियस आणि ६५ टक्के आर्द्रतेत ठेवून मग मोजले.

आलेख एकमेकांना चार ठिकाणी छेदत होते. तीन किंवा अधिक छेद हे मेटामेरिक जोडीचे नेहमीचे लक्षण. डिप ५३५ ते ५७० या पट्ट्यात स्टँडर्डपेक्षा थोडा अधिक परावर्तन करत होता, त्याच्या अलीकडे ५०० ते ५३५ मध्ये कमी, आणि ५७० च्या पुढेही कमी. ६५० नंतर तर स्टँडर्डचा आलेख झपाट्याने वर जात होता आणि डिपचा मागे राहत होता. आलेखाच्या या आकारावरून आणि तुकड्यावर केलेल्या रासायनिक चाचणीवरून स्टँडर्ड व्हॅट डायने (क्षपणाने विरघळवून कापडात भरायचा आणि मग ऑक्सिडेशनने पुन्हा अविद्राव्य करायचा डाय) रंगवलेला असल्याचे निघाले. गणवेशाच्या खाकीसाठी व्हॅट डाय वापरणे अगदी सामान्य आहे. धुण्याला आणि उन्हाला ते चांगले टिकतात.

तीन दिव्यांसाठी हिशेब असा आला. डी ६५, म्हणजे सुमारे ६५०० केल्विनचा दिवसाचा उजेड: ०.४. ए, म्हणजे २८५६ केल्विनचा तापलेल्या तारेचा दिवा: १.३, डिप हिरवट. टी-एल ८४, म्हणजे ४००० केल्विनच्या आसपासचा तीन फॉस्फरचा (प्रकाश देणाऱ्या तीन लेपद्रव्यांचा) नळीदिवा: १.८, डिप हिरवट.

टी-एल ८४ मध्ये फरक सर्वाधिक का, हे आलेखावर बोट ठेवून दाखवता येते. या दिव्याचा बहुतेक प्रकाश मोजक्या अरुंद पट्ट्यांत येतो. त्यातला हिरवा पट्टा ५४५ च्या आसपास, म्हणजे नेमका डिप जिथे जास्त परावर्तन करतो तिथे. लाल पट्टा ६११ च्या आसपास, म्हणजे डिप जिथे कमी पडतो तिथे. दिवसाच्या उजेडात मधल्या तरंगलांबी ही तफावत भरून काढत होत्या. नळीदिव्यात त्या जवळपास नाहीतच. ग्राहकाची तक्रार शब्दशः खरी होती.

इथे एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. एकच कापड वेगळ्या दिव्याखाली वेगळे दिसणे म्हणजे मेटामेरिझम नव्हे. ती त्या शेडची अस्थिरता. मेटामेरिझम नेहमी जोडीचा असतो. ग्राहकाशी बोलताना ही गल्लत झाली, तर चुकीच्या गोष्टीवर वाद होतो.

तपास: मग डोळे

तंत्रज्ञाची भरतीच्या वेळी इशिहारा पाट्यांची (रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखण्याची) तपासणी झाली होती आणि तो उत्तीर्ण होता. ही तपासणी कशी झाली याची विचारपूस केली तेव्हा तीन त्रुटी निघाल्या. पुस्तक जुने आणि उघड्यावर ठेवलेले होते, त्यामुळे छापील रंग उतरले होते. पाट्या पाहायला वेळेचे बंधन नव्हते. आणि तपासणी कार्यालयातल्या पिवळसर दिव्याखाली झाली होती. शेवटची त्रुटी सर्वांत घातक. तारेच्या पिवळ्या दिव्याखाली मध्यम शंकूचा दोष असलेल्या व्यक्तीच्या चुका कमी होतात आणि सौम्य दोष सहज निसटतो.

तंत्रज्ञाची परवानगी घेऊन तपासणी पुन्हा झाली. नवे ३८ पाट्यांचे पुस्तक, दिवसाच्या उजेडासारखा दिवा, ७५ सेंटिमीटर अंतर, प्रत्येक पाटीला तीन सेकंद, पाट्यांचा क्रम बदललेला. पहिल्या २१ पाट्यांपैकी १७ किंवा अधिक बरोबर आल्या तर दृष्टी सामान्य धरतात, १३ किंवा कमी आल्या तर सदोष. तो दुसऱ्या गटात गेला. इशिहारा पाट्या दोष आहे की नाही ते चांगले सांगतात. त्याचा प्रकार आणि तीव्रता ठरवायला त्या पुरेशा नाहीत. म्हणून त्याला नेत्रतज्ज्ञांकडे ॲनोमॅलोस्कोप या उपकरणावरील तपासणीसाठी पाठवले.

ॲनोमॅलोस्कोपमध्ये वर्तुळाच्या एका अर्ध्या भागात ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश असतो आणि दुसऱ्यात सुमारे ६७० च्या लाल आणि ५४६ च्या हिरव्या प्रकाशाचे मिश्रण. दोन्ही अर्धे एकसारखे दिसेपर्यंत मिश्रण फिरवायचे. लॉर्ड रॅले यांनी ही जुळणी १८८१ मध्ये मांडली, उपकरण नागेल यांचे, १९०७ चे. ही जोडी मुद्दाम अशा भागातली निवडली आहे, जिथे लघु शंकू जवळपास काहीच पकडत नाहीत. म्हणून प्रश्न फक्त मध्यम आणि दीर्घ यांच्यापुरता उरतो. तंत्रज्ञाला सामान्यांपेक्षा बरेच अधिक हिरवे लागले, त्याची जुळणीची पट्टी अरुंद होती आणि सामान्य जुळणी त्याला लालसर वाटली. निदान: साधी ड्युटेरॅनोमली, म्हणजे मध्यम शंकूंचा दोष.

हा दोष जन्मजात आहे. मध्यम आणि दीर्घ रंगद्रव्यांची जनुके एक्स गुणसूत्रावर एकमेकांशेजारी आहेत आणि त्यांच्यापासून बनणारी प्रथिने सुमारे ९६ टक्के सारखी आहेत. जेरेमी नेथन्स आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ती वेगळी करून दाखवली. इतक्या सारख्या जनुकांमध्ये देवाणघेवाण होऊन संकरित जनुक तयार होते. ड्युटेरॅनोमलीत मध्यम रंगद्रव्याच्या जागी दीर्घच्या जवळ सरकलेले रंगद्रव्य येते. ३० नॅनोमीटरचे अंतर मोजक्या नॅनोमीटरपर्यंत, फार तर दहा-बारापर्यंत उरते. एकच एक्स गुणसूत्र असल्याने पुरुषांत हे अधिक आढळते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्या दोषांचे एकूण प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा ड्युटेरॅनोमलीचाच.

नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळे वेगवेगळे तपासले. हे टाळू नये. जन्मजात दोष दोन्ही डोळ्यांत सारखा असतो आणि वर्षानुवर्षे बदलत नाही. एका डोळ्यात जास्त, नव्याने आलेला किंवा वाढत जाणारा दोष दिसला, तर मज्जातंतूचा आजार, दृष्टिपटलाचा विकार किंवा ईथॅम्ब्युटॉलसारख्या क्षयरोगाच्या औषधाचा परिणाम यांचा शोध घ्यावा लागतो. तिथे प्रश्न नोकरीचा राहत नाही, डोळा वाचवण्याचा होतो.

प्रयोगशाळा प्रमुखांचा पुढचा निर्णय या प्रकरणातला सर्वांत चांगला. त्यांनी केवळ एकाची तपासणी करून थांबण्याऐवजी स्वतःसह सर्व शेड पाहणाऱ्यांची फार्न्सवर्थ-मन्सेल १०० ह्यू चाचणी करवली. नावात १०० असले तरी तीत ८५ रंगीत टोप्या चार पेट्यांमध्ये असतात. त्या रंगछटेच्या क्रमाने लावायच्या. २० किंवा कमी चूकगुण म्हणजे उत्तम, २० ते १०० सरासरी, १०० च्या वर कमी क्षमता. अठ्ठावन्न वर्षांच्या सर्वांत अनुभवी व्यक्तीचे गुण सरासरीत होते, पण चुका निळ्या-हिरव्या टोप्यांत गोळा झाल्या होत्या. वयानुसार डोळ्याचे भिंग पिवळसर होते आणि लघु तरंगलांबी अडवते. निळ्या-राखाडी शेडवर त्यांचे आणि इतरांचे मतभेद का होत, याचा उलगडा त्यातून झाला.

तंत्रज्ञाने काय पाहिले होते

दोष सापडला की त्या माणसाचे सगळे पाहणे चुकीचे ठरवण्याचा मोह होतो. इथे हिशेब करून पाहिला. दोन्ही आलेख डी ६५ च्या वर्णपटाने गुणून आधी सामान्य मध्यम आणि दीर्घ शंकूंसाठी बेरजा काढल्या. त्या स्टँडर्ड आणि डिपसाठी जवळपास समान आल्या, तसे येणे अपेक्षितच होते. मग मध्यमच्या जागी ५५० च्या आसपास शिखर असलेले रंगद्रव्य घालून बेरीज केली. डिपची बेरीज स्टँडर्डपेक्षा जास्त निघाली.

कारण आलेखातच आहे. सामान्य मध्यम शंकूचे शिखर ५३० ला. त्याला ५३५ च्या पुढचा उंचवटा आणि अलीकडचा खड्डा दोन्ही मिळतात आणि फिटतात. दीर्घ शंकूला तोच उंचवटा आणि ५७० पुढचा खड्डा मिळतो, तिथेही फिटते. सरकलेल्या रंगद्रव्याचे शिखर मात्र थेट उंचवट्यावर बसते. त्याच्या दीर्घ शंकूच्या तुलनेत दुसरी बेरीज वाढली, म्हणून त्याला डिप हिरवट दिसला. त्याच्यासाठी ही जोडी मेटामेरिक नव्हतीच.

लाल-हिरवे ओळखण्यात कमी पडणारा डोळा काही खाकी-ऑलिव्ह जोड्यांमध्ये सामान्य डोळ्याला न दिसणारा फरक पाहू शकतो, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातही दाखवले गेले आहे. एखाद्या मेटामेरिक जोडीवर ड्युटेरॅनोमलस व्यक्ती ठामपणे ‘वेगळे आहे’ म्हणत असेल, तर आलेख काढून पाहावा. त्याचे म्हणणे सामान्य ग्राहकासाठी शेड ठरवायला उपयोगाचे नाही. दोन तुकड्यांचे वर्णपट वेगळे आहेत याची खूण म्हणून ते मोलाचे आहे. पहिल्या दिवशी ते नोंदवहीत गेले असते, तर टी-एल ८४ चा आकडा कोणीतरी काढला असता.

त्याने सांगितलेली ४५ ग्रॅमची ॲडिशन मात्र सामान्य डोळ्यासाठी चूकच होती. दुसऱ्या बॅचचा डी ६५ खालील फरक १.६ वर गेला, लाल बाजूला.

विचारात घेतलेले पर्याय

तंत्रज्ञाला प्रयोगशाळेतून काढून दुसऱ्या विभागात पाठवणे हा पहिला पर्याय होता. त्याने पहिल्या बॅचची तक्रार तशीच राहिली असती, आणि अचूक वजन-मापाचा माणूस हातचा गेला असता.

त्याला रंगीत फिल्टरचा चष्मा देणे हा दुसरा. हा पर्याय चर्चेत फार लवकर येतो, म्हणून स्पष्ट लिहिलेले बरे. फिल्टर डोळ्यात शिरण्याआधी वर्णपटाचा काही भाग कापतो. त्यामुळे काही रंगांतला विरोध वाढतो, काही नव्या जोड्या वेगळ्या दिसू लागतात आणि काही पूर्वी वेगळ्या दिसणाऱ्या जोड्या सारख्या होतात. सरकलेले रंगद्रव्य जागेवर येत नाही. शेड मॅचिंगमध्ये चष्मा घालणे म्हणजे लाइट बॉक्सचा दिवा कोणालाही न सांगता बदलणे. पर्याय नाकारला गेला.

तिसरा पर्याय सर्व निर्णय यंत्रावर सोपवण्याचा. यंत्र थकत नाही, त्याला वय नाही. पण ते एका सरासरी निरीक्षकासाठी हिशेब करते आणि छोट्या खिडकीतून दिसणारा भागच मोजते. पट्टे, डाग, कडेपासून मध्यापर्यंत बदलणारी शेड, कापडाचा पोत हे त्याला दिसत नाही. शिवाय शेवटी कापड पाहणारा डोळाच असतो.

चौथा पर्याय रेसिपी मुळातून बदलणे, तीन दिव्यांखाली तपासणे आणि कामाची वाटणी नव्याने करणे. खर्च आणि वेळ दोन्ही जास्त. निवडला गेला तो हाच, आणि आमच्या मते दुसरा कोणताही पर्याय दोन्ही तक्रारींना पुरला नसता.

केलेली कार्यवाही

आधी तयार मालाचा प्रश्न. दुसरी बॅच लालसर होती. तिला पिवळा आणि निळा डाय अत्यल्प प्रमाणात देऊन टोन वळवता आला, शेड किंचित गडद झाली, तरी डी ६५ च्या मर्यादेत बसली. पहिल्या बॅचसाठीही तशीच ॲडिशन करावी असा आग्रह उत्पादन विभागाने धरला. तो मान्य झाला नाही, कारण मेटामेरिझम ॲडिशनने जात नाही. त्याच तीन डायचे प्रमाण बदलले, तर आलेखाचे मूळ वळण तेच राहते. टी-एल ८४ खाली जुळवले की डी ६५ खाली बिघडते. दोन्ही बॅच ग्राहकाच्या संमतीने अशा वापरासाठी वळवल्या, जिथे कापड जुन्या साठ्याशेजारी ठेवले जाणार नव्हते.

मग रेसिपी. स्टँडर्डचेच व्हॅट डाय वापरणे हा आदर्श मार्ग होता, कारण डाय तेच असतील तर आलेखही तोच येतो. पण त्यासाठी लागणारी क्षपण आणि ऑक्सिडेशनची व्यवस्था कारखान्यात नव्हती. उपलब्ध रिॲक्टिव्ह डायच्या सर्व तीन आणि चार डायच्या जोडण्या संगणकावर काढून त्या खर्चाऐवजी मेटामेरिझमच्या आकड्याने क्रमवार लावल्या. नेव्ही निळ्याचा काही भाग काढून ऑलिव्ह आणि तपकिरी डाय घेतल्यावर ५५० चा उंचवटा बराच सपाट झाला. नव्या डिपचे आकडे: डी ६५ ला ०.५, ए ला ०.७, टी-एल ८४ ला ०.६. पहिल्या दिव्याखालचा आकडा ०.४ वरून ०.५ झाला, हे प्रयोगशाळेत काहींना रुचले नाही. तरी तिन्हींत मर्यादेत राहणारा डिप एका दिव्याखाली उत्तम असणाऱ्या डिपपेक्षा बरा. चार डायच्या रेसिपीला एक किंमत असते: प्रत्येक डायचा शोषणाचा वेग वेगळा असल्याने बॅचगणिक फरक वाढू शकतो. म्हणून मीठ आणि सोडा टप्प्याटप्प्याने द्यायची पद्धत आणि तापमान वाढीचा वेग काटेकोर लिहून ठेवला.

लाइट बॉक्सही तपासला. आतल्या भिंतीवर रंगीत स्टिकर होते, ते काढले. भिंत उदासीन राखाडी ठेवली. दिवे लावल्यावर स्थिर होईपर्यंत थांबायचे, प्रत्येक दिव्याचे चालू तास नोंदवायचे, खोलीतला इतर प्रकाश बंद ठेवायचा, दोन तुकडे कडेला कड लावून पाहायचे आणि मग जागा अदलाबदल करून पुन्हा पाहायचे, असे ठरले. दिवा बदलल्यावर डोळ्यांना सरावायला वेळ द्यायचा. फार वेळ टक लावून पाहिल्यास शंकू त्या रंगाला सरावतात आणि फरक पुसट होतो, म्हणून पहिल्या काही सेकंदांतले मत लिहायचे.

तंत्रज्ञाशी प्रमुखांनी एकांतात चर्चा केली. डिप तयार करणे, यंत्राचे कॅलिब्रेशन, आलेखांची छाननी ही कामे त्याच्याकडे राहिली. अंतिम दृश्य मंजुरी आणि ॲडिशन ठरवणे ही दोन कामे काढली. रात्रपाळीत यंत्राची खोली उघडी ठेवली आणि आकडा लिहिल्याशिवाय ॲडिशन नाही असा नियम केला. डायच्या बाटल्यांवरील लाल-हिरव्या ठिपक्यांऐवजी ठळक सांकेतिक क्रमांक आले, यंत्रावरील लाल-हिरव्या दिव्यांशेजारी ‘चालू’ आणि ‘बंद’ लिहिले. निदानाची माहिती गरजेपुरत्या लोकांपलीकडे गेली नाही.

परिणाम

पुढच्या बॅच तिन्ही दिव्यांखाली ग्राहकाने स्वीकारल्या. तंत्रज्ञाचे ‘मला वेगळे दिसते’ हे मत आता नोंदवहीत स्वतंत्र रकान्यात लिहिले जाते. त्या रकान्यात खूण आली की आलेख काढायचा. त्यातून आणखी काही ऑलिव्ह आणि तपकिरी शेडमध्ये मेटामेरिझम मंजुरीआधीच सापडला. लाल आणि गुलाबी शेडमध्ये त्या रकान्याचा असा उपयोग दिसला नाही.

काय वेगळे करता आले असते

स्टँडर्ड हाती येताच ग्राहकाला दोन प्रश्न लेखी विचारायला हवे होते: हे कोणत्या वर्गाच्या डायने रंगवले आहे, आणि मुख्य व दुय्यम दिवा कोणता धरायचा. या दोन ओळींनी ६०० किलो कापड वाचले असते.

एका दिव्याचा एकच आकडा पाहून मंजुरी देण्याची पद्धत तिथेच थांबायला हवी होती. यंत्र तिन्ही दिव्यांचे आकडे एकाच मोजणीत देत होते. पडद्यावर फक्त पहिला रकाना उघडा ठेवलेला होता.

भरतीची रंगदृष्टी तपासणी योग्य दिव्याखाली आणि वेळ मोजून झाली असती, तर रात्रपाळीची जबाबदारी दुसऱ्याकडे गेली असती. ही तपासणी भरतीपुरती ठेवूनही चालत नाही. जन्मजात दोष बदलत नसला तरी भिंगाचे पिवळेपण वाढत जाते. आता १०० ह्यू चाचणी सर्वांसाठी ठरावीक काळाने होते, आणि निळ्या-राखाडी शेडची मंजुरी किमान दोन वेगळ्या वयोगटांतील व्यक्ती मिळून देतात.

एक काम चालू आहे. ग्राहक दालनातील नळीदिवे काढून एलईडी दिवे बसवत आहे. पांढऱ्या एलईडीत निळ्याचे अरुंद शिखर आणि त्यापुढे फॉस्फरचा रुंद पिवळसर पट्टा असतो. त्याचे वितरण टी-एल ८४ किंवा ए यांपैकी कशासारखेच नाही. सीआयईने २०१८ च्या मार्गदर्शिकेत एलईडीसाठी वेगळे वर्णपट दिले आहेत. त्यांच्यापैकी ग्राहकाच्या दिव्याशी सर्वांत जवळचा कोणता हे ठरवण्यासाठी दालनातल्या दिव्याचा वर्णपट मोजून मागवला आहे. तो मिळाल्यावर चार डायच्या रेसिपीचा हिशेब त्या प्रकाशासाठी पुन्हा होईल, आणि गरज पडल्यास तपकिरी डायचे प्रमाण बदलेल.